नवा गिअर-दांडा आणि गिअरबॉक्सची गळती

मोटारीला हौसेने नवा, आखूड गिअर-दांडा बसवून घ्यावा आणि आठवड्याभरात पार्किंगच्या फरशीवर तेलाचे डाग दिसू लागावेत, हा प्रकार मोटारींच्या हौशी मंडळींना अपरिचित नाही. दांडा बदलणे हे वरवर पाहता आसनांमधील सजावटीचे काम वाटते. प्रत्यक्षात अनेक मोटारींत या दांड्याचे खालचे टोक थेट गिअरबॉक्सच्या पोटात उतरलेले असते, तर इतर मोटारींत ते सळ्यांच्या किंवा केबलच्या मार्फत गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या एका शाफ्टला जोडलेले असते. दोन्ही ठिकाणी आतले तेल आत राखण्याचे काम रबराचे एखादे सील किंवा कागदासारखे पातळ गॅस्केट करीत असते. दांड्याला हात लागला की या रक्षकांनाही हात लागतो आणि तेथूनच गळतीला सुरुवात होते.

ही गळती इंजिनाच्या गळतीपेक्षा अधिक फसवी असते. इंजिनातील तेलाचा दाब घटला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. गिअरबॉक्समधील तेल तळाला गेले तरी बहुतेक मोटारींत कोणतीही सूचना मिळत नाही. ती मिळते आवाजाने, आणि तोपर्यंत बेअरिंग व दातेरी चाकांची झीज सुरू झालेली असते. त्यामुळे फरशीवरचा डाग हीच पहिली आणि अनेकदा एकमेव पूर्वसूचना ठरते.

दांड्याच्या खाली काय असते?

गिअरच्या दांड्याचे स्थान काळानुसार बदलत गेले आहे. आपल्याकडच्या प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर या गाड्यांना मूळचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालगत होता. १९९० च्या दशकात अ‍ॅम्बेसेडरला इसुझूचे इंजिन मिळाले आणि त्यासोबत पाच गिअरचा, जमिनीवरचा दांडाही आला. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. आज हाताने गिअर टाकण्याच्या जवळपास सर्व मोटारींचा दांडा पुढच्या दोन आसनांच्या मध्ये किंवा डॅशबोर्डच्या खालच्या भागात असतो. त्याच्या रचनेचे मुख्यतः दोन प्रकार पडतात.

पहिला प्रकार थेट दांड्याचा. इंजिन पुढे, गिअरबॉक्स त्याच्या मागे आणि मागच्या चाकांना शक्ती, अशी मांडणी असलेल्या गाड्यांत तो आढळतो. जीप, जिप्सी यांसारखी वाहने या गटातील होत. येथे दांडा गिअरबॉक्सच्या माथ्यावरील झाकणात किंवा मागील नळकांड्यात बसवलेला असतो. मधला गोलाकार भाग एका वाटीत फिरतो आणि खालचे टोक गिअर निवडणाऱ्या सळ्यांच्या खाचेत अडकते. झाकणाखाली गॅस्केट असते आणि वर धूळ अडवणारी रबरी टोपी.

दुसरा प्रकार पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारींचा. आपल्याकडील बहुसंख्य छोट्या मोटारी याच गटात मोडतात. येथे गिअरबॉक्स इंजिनालगत, बॉनेटखाली आडवा असतो. चालकाच्या हाताजवळचा दांडा तेलापासून दूर, कोरडा असतो. तो लोखंडी सळ्यांनी किंवा केबलने गिअरबॉक्सच्या सिलेक्टर शाफ्टला हलवतो. हा शाफ्ट ज्या छिद्रातून बाहेर येतो, तेथे एक छोटे ऑइल सील असते. या मोटारींत डिफरन्शिअलही बहुधा त्याच तेलावर चालत असल्याने गळतीचा फटका दोघांनाही बसतो.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या काही युरोपीय मोटारी या दोहोंच्या मध्ये येतात. बीएमडब्ल्यूच्या ३ सिरीजच्या ई-३६ आणि ई-४६ या पिढ्यांमध्ये दांडा गिअरबॉक्सच्या मागे टांगलेला असतो आणि एका आडव्या सळीने सिलेक्टर शाफ्टला जोडलेला असतो. आखूड दांडा बसवताना तेथील सांधा सुटा करावा लागतो आणि त्या सांध्याच्या मागेच शाफ्टचे सील असते. म्हणूनच जाणकार कारागीर त्या गाड्यांत दांडा बदलतानाच सीलही बदलून टाकतात.

आखूड दांड्याचे गणित

आखूड हालचालीच्या दांड्यामागे तरफेचे साधे तत्त्व आहे. समजा, टेकूच्या वर दांड्याची लांबी २५० मिलिमीटर आणि खाली ५० मिलिमीटर आहे. मुठीने १०० मिलिमीटर अंतर कापले की खालचे टोक २० मिलिमीटर सरकते. खालची लांबी साडेबासष्ट मिलिमीटर केली तर तेवढ्याच कामासाठी मूठ ८० मिलिमीटरच हलवावी लागते. हालचाल २० टक्क्यांनी घटते. मात्र लागणारे बळ २५ टक्क्यांनी वाढते. निसर्ग येथे सूट देत नाही.

गळतीचे बीज याच बदलात असते. खालचे टोक लांबल्याने ते पूर्वी जेथे पोहोचत नव्हते तेथे पोहोचते. आतील रबरी आवरण त्याला घासून फाटू शकते. वाढलेले बळ झाकण, वाटी आणि सील यांच्यावर येते. अनेक संचांत मूळ रबरी बुशच्या जागी पितळी किंवा कठीण प्लॅस्टिकचे बुश येतात. त्यांनी दांडा घट्ट वाटतो, पण पूर्वी रबर पचवत असलेली थरथर आता पुढे जाते.

गळती नेमकी कशामुळे?

दांडा बदलल्यानंतर सुरू झालेल्या गळतीची कारणे बहुधा पुढीलपैकी असतात.

जुनेच गॅस्केट पुन्हा वापरणे. एकदा दाबले गेलेले गॅस्केट दुसऱ्यांदा तेवढे दबत नाही. त्यातून दांड्याच्या संचात उंची वाढवणारी धातूची चकती असेल, तर तेल अडवण्याच्या जागा एकाच्या दोन होतात. गॅस्केट मात्र एकच मिळालेले असते.

चुकीच्या लांबीचे बोल्ट. छिद्र तळाशी बंद असेल आणि बोल्ट लांब असेल, तर तो तळाला टेकतो. पान्याला घट्टपणा जाणवतो, पण झाकण दाबलेच जात नाही. याउलट छिद्र आरपार गिअरबॉक्सच्या पोटात उघडत असेल, तर तेल आट्यांवरून चढत बोल्टच्या डोक्याखाली पाझरते. अशा बोल्टच्या आट्यांना सीलंट लावणे अनिवार्य असते.

सिलेक्टर शाफ्टची इजा. शाफ्टचा बाहेर राहणारा भाग पावसाळी चिखलाने आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेने गंजतो. एरवी हा गंजलेला भाग सीलपर्यंत येत नाही. जोडणी काढताना शाफ्ट नेहमीपेक्षा अधिक आत ढकलला गेला, की तो खरखरीत भाग सीलच्या नाजूक ओठावरून कानशीसारखा फिरतो. सांध्याची पिन हातोडीने ठोकून काढतानाही शाफ्टला धक्का बसतो. धूळरोधक टोपी परत न बसवणे हे या दुखण्याचे आणखी एक कारण होय.

श्वासछिद्र बुजणे. गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर होण्यासाठी ब्रीदर असतो. तापमान ३० अंशांवरून ९० अंश सेल्सिअसवर गेले आणि हवेला वाट नसेल, तर आतील दाब साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो. हा दाब सर्वांत दुबळ्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप मारण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. त्या लेपाखाली ब्रीदर गाडला गेल्यास सील कितीही वेळा बदलले तरी गळती परत येते.

तेल अधिक भरणे. काम झाल्यावर ‘थोडे जास्तच असू द्या’ म्हणून भरलेले तेल फेसाळते, तापते आणि मिळेल त्या वाटेने बाहेर येते.

आधी निदान, मग पाना

गळतीच्या दुरुस्तीत सर्वांत मोठा खर्च चुकीच्या निदानाचा असतो. डाग दांड्याच्या खाली दिसला म्हणून तेल तेथूनच आले, असे समजणे घाईचे ठरते. धावत्या गाडीखालचा वारा तेल मागे ढकलतो आणि गुरुत्वाकर्षण खाली ओढते. त्यामुळे जेथून थेंब पडतो ती जागा क्वचितच उगमाची असते. सर्वांत उंच आणि सर्वांत पुढे असलेली ओली जागा शोधावी, हा जुना नियम आजही खरा आहे.

प्रथम तेल कोणते ते ओळखावे. गिअर ऑइल दाट, पिवळसर-तपकिरी असते आणि त्यातील गंधकयुक्त मिश्रणामुळे त्याला उग्र दर्प येतो. वापरलेले इंजिन ऑइल काळपट दिसते. लालसर तेल पॉवर स्टिअरिंगचे असू शकते. मात्र काही उत्पादक हाताने टाकायच्या गिअरबॉक्समध्येही ऑटोमॅटिकचे पातळ तेल वापरतात. हायड्रॉलिक क्लचमधील द्रव पातळ असतो आणि रंगाला खातो. तेल इंजिन व गिअरबॉक्सच्या मधल्या घंटेच्या आकाराच्या भागाखालून ठिबकत असेल, तर दोष इंजिनाच्या मागील किंवा गिअरबॉक्सच्या पुढील सीलचा असण्याची शक्यता अधिक. त्याचा दांड्याशी संबंध नसतो.

त्यानंतर संशयित भाग रॉकेल किंवा डिग्रीझरने स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडा करावा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवावी. तेलाची पहिली रेघ पांढऱ्या पावडरीवर स्पष्ट उमटते. याच वेळी ब्रीदर मोकळा आहे का, हेही पाहून घ्यावे. अनेकदा दुरुस्ती तेथेच संपते.

निदानाचे महत्त्व माझदाच्या एमएक्स-५ या १९८९ मध्ये बाजारात आलेल्या छोट्या स्पोर्ट्स कारवरून चांगले ध्यानात येते. तिच्या पहिल्या दोन पिढ्यांमध्ये दांड्याच्या तळाशी तेलाची एक स्वतंत्र छोटी विहीर आहे. तिच्यात १०० मिलीलीटरपेक्षाही कमी तेल मावते. पाच गिअरच्या मुख्य गिअरबॉक्समध्ये सुमारे २ लिटर तेल असते ते वेगळेच. दांडा बदलताना ही विहीर काठोकाठ भरली, तर दांडा बसवताच तेल वर येऊन रबरी आवरणात साचते आणि खाली उतरते. हे पाहून गिअरबॉक्सचे मागचे सील बदलणारा मालक पैसे आणि श्रम दोन्ही वाया घालवतो. इलाज साधा असतो. विहिरीतील तेल उपसावे, फाटलेले लहान आवरण आणि झिजलेली प्लॅस्टिकची वाटी बदलावी आणि तेल मोजूनच भरावे.

दुरुस्तीचा क्रम

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत आणि उचललेली गाडी मजबूत स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे जिवाशी खेळ आहे. सायलेन्सरची नळी निवल्याखेरीज कामास हात घालू नये.

तेल काढायचे असल्यास आधी वरचा भरण्याचा प्लग सैल होतो का, ते पाहावे. तो गंजून अडकला असेल आणि खालचा ड्रेन प्लग आधीच उघडला असेल, तर गिअरबॉक्स रिकामा आणि तेल भरायला वाट नाही, अशी अवस्था ओढवते. निघालेल्या तेलाकडे नीट पाहावे. प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ गाळ असणे स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे दिसले तर प्रश्न गळतीपुरता राहिलेला नाही.

झाकणाची गळती असल्यास दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून बोल्ट तिरप्या क्रमाने थोडे थोडे सैल करावेत. झाकण सरळ वर उचलावे. काही गिअरबॉक्समध्ये त्याखाली छोट्या स्प्रिंग आणि छर्रे असतात. ते उडून आत पडले तर काम दसपट वाढते. उघड्या भागावर स्वच्छ फडके अंथरावे. जुन्या गॅस्केटचे अवशेष प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावेत. अ‍ॅल्युमिनियमवर पोलादी पटाशी किंवा घासणारी चकती चालवली, तर पडलेले ओरखडेच तेलाचे पाट होतात. सरळ पट्टी आडवी ठेवून झाकण वाकलेले नाही ना, याची खात्री करावी.

नवे गॅस्केट बसवताना उत्पादकाने सांगितले असेल तरच सीलंट लावावे. गॅस्केटऐवजी सिलिकॉन वापरायचे असेल, तर पृष्ठभाग तेलमुक्त असावा आणि थर बोल्टच्या छिद्रांना वळसा घालणारा, अखंड व बारीक असावा. आत ओघळलेले सिलिकॉन सुटून तेलात फिरते. न्हाणीघरासाठी मिळणारे सिलिकॉन येथे निरुपयोगी होय. बोल्ट तिरप्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर बळ पुरते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. अ‍ॅल्युमिनियममधील आटे जोराने जातात, आणि गेलेले आटे परत आणण्यासाठी हेलिकॉइलचा खर्च करावा लागतो. सीलंट पूर्ण वाळण्यास सामान्यतः २४ तास द्यावेत.

सिलेक्टर शाफ्टच्या सीलची गळती असल्यास जोडणी काढण्यापूर्वीच तिच्या स्थितीवर खूण करावी, म्हणजे नंतर गिअर जुळवताना तारांबळ उडत नाही. शाफ्टचा बाहेरील भाग आधीच पुसून, अतिबारीक पॉलिश पेपरने गंज काढून गुळगुळीत करावा. जुने सील हुकाने किंवा त्यात छोटा स्क्रू रोवून ओढून काढता येते, मात्र शाफ्टला आणि सीलच्या घराला चरा पडता कामा नये. शाफ्टवर खोल खड्डे असतील, तर नवे सीलही टिकणार नाही. तेथे शाफ्ट बदलणे हाच खरा उपाय होय.

नव्या सीलचा स्प्रिंग असलेला ओठ तेलाच्या दिशेला असावा. ओठाला गिअर ऑइल लावावे आणि शाफ्टच्या धारदार कडेवर पातळ टेप गुंडाळावी, म्हणजे सील सरकवताना ओठ कापला जात नाही. सीलच्या बाह्य व्यासाएवढ्या सॉकेटने ते सरळ, समपातळीत ठोकावे. तिरके बसलेले सील पहिल्या दिवसापासून गळते. शेवटी धूळरोधक टोपी आठवणीने चढवावी. तिच्याविना नवे सीलही फार काळ टिकत नाही.

तेल कोणते आणि किती?

गिअर ऑइलच्या डब्यावर दोन खुणा पाहाव्यात. पहिली दाटपणाची, उदाहरणार्थ ७५ डब्ल्यू-९० किंवा ८० डब्ल्यू-९०. दुसरी कामगिरीच्या श्रेणीची, जीएल-४ किंवा जीएल-५. मोठा आकडा म्हणजे अधिक चांगले तेल, हा समज येथे घातक ठरू शकतो. जीएल-५ हे प्रामुख्याने मागच्या अ‍ॅक्सलमधील हायपॉइड गिअरसाठी असते आणि त्यातील गंधक-फॉस्फरसयुक्त मिश्रणाचे प्रमाण अधिक असते. गिअरबॉक्समधील सिंक्रोनायझरच्या कड्या अनेकदा पितळी असतात. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ भरल्यास या कड्यांना अपाय होऊ शकतो आणि गिअर अडखळत पडू लागतात. मग मालक नव्या दांड्याला दोष देत बसतो. म्हणून पुस्तिकेत लिहिलेले तेलच वापरावे.

पातळी तपासण्याचा प्लग असलेल्या गिअरबॉक्समध्ये, गाडी पूर्ण सपाट असताना, छिद्राच्या खालच्या काठापर्यंत तेल यावे, हा सर्वसाधारण नियम होय. एक बाजू उचललेल्या गाडीत तेल भरल्यास पातळी चुकते. प्लगचे वॉशर नवे घालावे. जुने तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. ते बंद डब्यात भरून वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे.

दुरुस्तीनंतर वीस-तीस किलोमीटर गाडी चालवून रात्रभर खाली पुठ्ठा अंथरावा. सर्व गिअर, विशेषतः रिव्हर्स, पूर्णपणे पडतात का ते पाहावे. सुमारे ५०० किलोमीटरनंतर तेलाची पातळी आणि बोल्ट पुन्हा तपासावेत.

थेंबाचा हिशेब

‘एखादा थेंब पडला तर काय बिघडते?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर हिशेबातच मिळते. एक थेंब साधारण ०.०५ मिलीलीटर धरला आणि धावत्या गाडीतून दर दहा सेकंदांनी एक थेंब गळत असेल, तर तासाला १८ मिलीलीटर तेल जाते. रोज दोन तास गाडी चालवणाऱ्याच्या २ लिटरच्या गिअरबॉक्समधून दोन आठवड्यांत अर्धा लिटर, म्हणजे चौथा हिस्सा नाहीसा होतो. गळती धावत्या गाडीतच अधिक होत असल्याने फरशीवरचा डाग मात्र रुपयाच्या नाण्याएवढाच राहतो.

तेल कमी झाले की वरच्या बेअरिंगना ते पुरेसे पोहोचत नाही. प्रथम एखाद्या गिअरमध्ये गुणगुण ऐकू येते, मग गिअर तापतात, दात खरवडले जातात आणि शेवटी घाटातल्या चढणीवर गिअरबॉक्स जाम होतो. बाहेर उडालेले तेल तप्त सायलेन्सरवर पडल्यास धूर आणि क्वचित आगीचाही धोका संभवतो. अशा वेळी बाहेरून एम-सील किंवा अराल्डाइटचा लेप लावणे ही केवळ वेळ मारून नेण्याची युक्ती ठरते. तेलकट पृष्ठभागावर लेप धरत नाही आणि नंतर खऱ्या दुरुस्तीच्या वेळी तो खरवडून काढण्याचे काम वाढते.

नवा दांडा घेतानाच या सर्व बाबींचा विचार करणे शहाणपणाचे. संचाबरोबर गॅस्केट, वाटी आणि रबरी टोप्या मिळतात का, बोल्टची लांबी मूळच्या बोल्टएवढीच आहे का, आणि गाडी वॉरंटीत असल्यास या बदलामुळे गिअरबॉक्सचा दावा नाकारला जाईल का, याची विचारणा आधीच करावी. मूळ दांडा आणि त्याचे सुटे भाग जपून ठेवावेत. सील आणि गॅस्केट यांची किंमत संपूर्ण गिअरबॉक्सच्या दुरुस्तीपुढे नगण्य असते. दांडा सुटा केला त्याच दिवशी ते बदलले, तर गाडी दुसऱ्यांदा उचलण्याचा खर्च वाचतो आणि पार्किंगची फरशीही कोरडी राहते.